इंद्रभानचा कान आणि हिरवा ठिपका

मेहकरहून डोणगावकडे निघालं की थोड्या वेळानं डाव्या हाताला हिरव्या जाळीचे चार मांडव लागतात आणि त्यांच्यापुढे पत्र्याची एक खोली. हीच इंद्रभान वानखडेची रोपवाटिका. मांडवात टोमॅटो, मिरची, वांगी, कोबीची रोपं ट्रेमध्ये रांगेनं उभी असतात, गुरुजींनी प्रार्थनेला उभी केल्यासारखी. खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली खुर्चीत इंद्रभान. वय बावन्न, मिशी अर्धी पांढरी, शर्टाच्या खिशात कायम बियांची एखादी पुडी.

रोपवाटिकेचा धंदा सांगायला सोपा. शेतकरी महिनाभर आधी फोन करतो, "इंद्रभानभाऊ, आठ हजार टमाटे लागतेत." बी टाकायच्या आदल्या दिवशी इंद्रभान त्याला उलटा फोन लावतो, "टाकू न बी?" समोरचा हो म्हणाला की बी ट्रेमध्ये. पंचविसाव्या दिवशी रोप शेतात गेलंच पाहिजे. पस्तिसाव्या दिवशी ते लांबडं होऊन मान टाकतं, आणि चाळिसाव्या दिवशी त्याची जागा खड्ड्यात. बाकीच्या रोपवाटिका बयाणा घेतात. इंद्रभाननं कधी घेतला नाही. "बयान्याच्या हो मंधी माणूस नाही बोलत," तो म्हणायचा, "पावती बोलते."

म्हणजे सगळा डोलारा त्या एका 'हो'वर. आणि इकडे तर तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. लग्नाला येता का? हो. उद्या निंदायला बाया पाठवता का? हो न. म्हशीचं ठरलं का मग? हो हो. सगळा जिल्हा सकाळपासून हो म्हणत असतो. कोणता हो खरा, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. ज्याला ओळखता येत नाही, त्यानं धंदा करू नये.

इंद्रभान ओळखायचा. वीस वर्षं ओळखत आला. 

"टाकू न बी?" "हाव!" असं अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखं आलं आणि लगेच फोन ठेवला गेला, की खरा. बी टाका. "हो न, काऊन नाही!" आला की घरात अजून विचारायचं आहे, दोन दिवस थांबा. "हो भाऊ, तुमाले सोडून आमी कुठी जाणार हाओ, तुमच्याकूनच घ्या लागते न," असा गुळाच्या पाकासारखा लांबत गेला, की त्यानं चिखलीकडच्या दुसऱ्या रोपवाटिकेत कालच नाव लावलं आहे. "हो हो हो" असा तीनदा आला तर माणूस मोटारसायकलवर आहे आणि त्याला काहीच ऐकू आलेलं नाही. आधी गप्प राहून मग हलकेच आलेला हो दिसायला कच्चा, पण तो पक्का. माणूस बायकोच्या तोंडाकडे पाहून बोललेला असतो. 

आणि एक हो होता तो इंद्रभानला फार जपून ऐकावा लागे. "होओ... इंद्रभानभाऊ..." असा, शेवटी श्वास सोडलेला. म्हणजे विहिरीला पाणी नाही आणि सांगायची लाज वाटते. त्याला इंद्रभान काही विचारत नसे. स्वतःच म्हणे, "यंदा माह्याकडं ट्रे कमी हायेत भाऊ, निम्मेच देऊ काय? राग नका मानू." की पलीकडून लगेच टणकन "हाव!" यायचं. असा हो काढून घेतला की इंद्रभान फोन ठेवून स्वतःशीच हसायचा. मंजुश्री, त्याची बायको, मांडवातून ओरडायची, "काय वो, फोनसंग हासून राह्यले!"

धंदा वाढला तो याच कानावर. शंभर गिऱ्हाइकांचे चौदाशे झाले. लोणार, चिखली, पार देऊळघाटापर्यंतची गावं आली. फोनसाठी अपेक्षाला ठेवलं. बी.कॉम. झालेली, मेहकरची पोर, अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्याहून सरळ. माणूस हो म्हणाला म्हणजे तो हो म्हणाला, असं तिला मनापासून वाटे.

आणि धंदा वाढला त्याच दोन वर्षांत इंद्रभानचा कान गेला.

बहिरा झाला असता तरी बरं होतं, असं तो पुढे म्हणे. शब्द सगळे यायचे. "आठ हजार" म्हटलं की आठ हजारच ऐकू यायचं. पण शब्दाच्या मागचं काही येईना. पाक येईना, श्वास येईना, सुपारी फुटेना. सगळे हो एका साच्यातून काढलेल्या विटांसारखे येऊन पडायचे. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी कानात बत्ती घालून पाहिलं, कागदावर रेघ काढली. रेघ डावीकडून निघून उजवीकडे उतारावर सुटलेली.

"नस सुकत चाललीय काका."

"मंग?"

"मग काही नाही. मशीन लावून बघा."

मशीन लावलं. मशीननं सगळंच मोठं केलं: पाण्याची मोटर, पत्र्यावरचा कावळा, गिऱ्हाइकाचा हो, सगळं एका मापाचं. आठ दिवसांनी ते बियांच्या डब्यात गेलं.

ही गोष्ट त्यानं मंजुश्रीशिवाय कोणाला सांगितली नाही. मुलालाही नाही. नागसेन चाकणला कंपनीत होता. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला होता, "हो बाबा, मीच येतो एक दिवस सांभाळाले." तो हो कसला होता हे इंद्रभानला तेव्हाही कळलं नव्हतं. पण आशेवर माणूस किती दिवस बी टाकेल? त्यानं ठरवलं, कान पुरता जायच्या आत कानातलं सगळं कुठंतरी काढून ठेवायचं. कोणता माणूस कसा बोलतो, कोणाचा हो कोणत्या जातीचा. अपेक्षा म्हणाली, "काका, त्याच्यासाठी सॉफ्टवेअर असतं. सीआरएम म्हणतात. गिऱ्हाइकाची सगळी माहिती एका जागी राहते."

"सगळी?"

"सगळी."

मग शोध सुरू झाला. पहिला फोन पुण्याहून. मुलीचा आवाज असा गुळगुळीत, की त्यावर माशी घसरावी. "नमस्कार सऽर! सर, आपला नेमका पेन पॉइंट काय आहे?"

इंद्रभाननं अपेक्षाकडे पाहिलं. "दुखून काय राह्यलं, ते विचारून राह्यली ते," अपेक्षा म्हणाली.

"कान," इंद्रभान म्हणाला.

"ओके सर, दॅट्स ग्रेट! सर, आपण आपल्या लीड्स, म्हणजे कस्टमर, हॉट, वॉर्म आणि कोल्ड अशा ठेवणार आहोत, बरं का."

"बाई, आमच्या इकडं सगळेच हाट हायेत. इथं थंड कोनीच बोलत नाही."

"वाव सर! म्हणजे आपला कन्व्हर्जन रेट खूपच चांगला असणार!"

दुसरा नागपूरचा. तो हिंदीत सुरू झाला आणि हिंदीतच संपला. "सर जी, आप टेन्शन मत लो. आप बस हाँ बोलो, बाकी सिस्टिम सँभाल लेगा." इंद्रभाननं त्याला समजावलं की हाँ बोलण्याचंच तर सगळं टेन्शन आहे. तो म्हणाला, "हाँ हाँ, बिलकुल सर!" आणि पुढची स्लाइड लावली.

तिसरा हरिओम. मेहकरच्या बसस्टँडमागे त्याचं दुकान. दोन दिवस कॉम्प्युटर विकायचा, दोन दिवस प्रिंटर दुरुस्त करायचा आणि उरलेले दिवस कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर. तो स्वतः गाडीवर आला, खुर्ची ओढून समोर बसला. इंद्रभानला हेच आवडलं. कान नाही तर नाही, तोंड तरी पाहता येतं. हरिओमचं तोंड गोल, हसरं, कपाळाला अष्टगंध.

"हे पाहा काका, हे गिऱ्हाईक. नाव, गाव, मोबाइल, वाढदिवस."

"वाढदिवस काऊन?"

"सिस्टिम आपोआप शुभेच्छा पाठवते न! गिऱ्हाईक खूश."

"आमच्या निम्म्या लोकाईचा वाढदिवस एक जून हाय. मास्तरनं टाकलेला."

"त मंग एकाच दिवशी सगळे खूश!" हरिओम हसला. मांडवातून ट्रे आणायला आलेली मंजुश्रीही हसली.

मग इंद्रभाननं मुद्द्याचं विचारलं. खुर्ची जवळ ओढून, आवाज खाली करून. "हरिओम, हे पाय. माणूस हो म्हणते. पण कसा म्हणते, ते याच्यात टाकता येते काय? म्हणजे ह्याचा खरा हाय, ह्याचा लाजेचा हाय, ह्यानं दुसरीकडं नाव लावलं. अन् पुढं माह्यासारखा माणूस नसला, तरी हे पोरीले त्याच्यावून समजन काय?"

हरिओमनं स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो काका, येते न. काऊन नाही येणार? सगळंच येते."

दाराशी मंजुश्री ट्रे हातात घेऊन थांबली. तिला स्वच्छ ऐकू आलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. वाटलं, आता हा हसेल आणि म्हणेल, जा बाबा, घरी विचारून ये. पण इंद्रभान हरिओमच्या हसऱ्या तोंडाकडे पाहत होता. त्यानं टेबलावर थाप मारली. "हे घेऊ मंग!"

संध्याकाळी ती म्हणाली, "त्या पोराचा हो काही मले—"

"तोंडानं चांगला हाय पोरगा."

"तोंडाचं नाही म्हणत मी."

"मंजू, पुण्यावाली तोंडबी दाखवत नाही. याले धरता त येईन."

पंधरा दिवस इंद्रभान बोलत होता आणि अपेक्षा टाइप करत होती. "अर्जुनराव, डोणगाव. याचा हो म्हणजे हाव. तोडून टाकल्यासारखा. जरा जरी लांबला त समज काही बिघडलं."

"काका, कुठं टाकू?"

"हो च्या खाली."

"खाली जागा नाही. कन्फर्म आहे, त्यात येस अन् नो. येस केलं की नावासमोर हिरवा ठिपका येते."

हरिओमला फोन लागला. "हो न काका, शेरा म्हणून जागा हाय, तिथं टाका."

शेऱ्याच्या जागेत मोजून चाळीस अक्षरं बसायची. 'याचा हो म्हणजे हाव, तोडून टाकल्यासारखा, ज' इथं येऊन अर्जुनराव संपला. पुन्हा हरिओम. "हो न, पुढच्या अपडेटमंधी वाढून येते." चौदाशे माणसं चाळीस-चाळीस अक्षरांत कापली गेली. कोणी 'श्वास सोडतो तेव्हा' इथं तुटला, कोणी 'बायको जवळ असली की' इथं. एकदा अपेक्षा ते सगळं मोठ्यानं वाचत हसत सुटली. इंद्रभानही हसला. हसताना तो तिच्या ओठांकडे पाहत होता.

जानेवारीत उन्हाळी टोमॅटोची बुकिंग आली. सिस्टिमनं अपेक्षाला रोज यादी द्यायची आणि तिनं सिस्टिममधलंच वाक्य वाचायचं, "नमस्कार, वानखडे रोपवाटिकेतून बोलते. आपली ऑर्डर कन्फर्म करता का?" आणि पलीकडचा माणूस, ज्याला वीस वर्षं फक्त "टाकू न बी?" माहीत, दचकून म्हणायचा, हो. अपेक्षा बटण दाबायची. हिरवा ठिपका. आठ दिवसांत पडदा असा हिरवागार झाला, की हरिओमनं येऊन त्याचा फोटो काढून नेला. "काका, शंभर टक्के कन्फर्म! आख्ख्या तालुक्यात कोनाचं नसन!"

इंद्रभाननं आयुष्यात पहिल्यांदा चारही मांडव एकदम भरले. सहा लाख रोपं. मंजुश्री म्हणाली, "सगळ्याईचा खरा असते काय कधी?" त्यानं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. स्वतःच्या कानाकडे बोट दाखवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

पंचविसाव्या दिवशी वीस गाड्या यायच्या होत्या. सात आल्या. सव्विसाव्याला तीन. तिसाव्या दिवशी अपेक्षा सकाळपासून फोन लावत बसली. प्रत्येक जण म्हणाला, हो, येतो न. तिनं पुन्हा ठिपके हिरवे केले. छत्तिसाव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. मुळ्या ट्रेच्या खालच्या भोकांतून बाहेर लोंबायला लागल्या, फाटक्या मोज्यातून बोटं यावीत तशा.

अडतिसाव्या दिवशी डोणगावचे अर्जुनराव आले. बारा हजार रोपांचं त्यांचं नाव होतं. गाडी आणली नव्हती, मोटारसायकलवर एकटेच. पांढरी टोपी, हातात पेरूची पिशवी. पेरू टेबलावर ठेवले आणि बसले.

"काय बे इंद्रभान," ते म्हणाले, "माहे रोपं काऊन लावले तू?"

"तुमी हो म्हणले न, अर्जुनराव."

"म्हणलो."

"मंग?"

"मंग काय मंग! कसा म्हणलो मी? त्या पोरीनं फोन केला, मी म्हणलो, होओ बाई... अन् दोन डाव खाकरलो. विहीर तळाले गेली माही. पोरीजवळ काय सांगू विहिरीचं? म्हणलं, ते इंद्रभानले सांगन, अर्जुनराव असा असा बोलला. इंद्रभान समजन. आज वीस साल झाले, माहा हो तुले कधी समजून नाही सांगा लागला." त्यांनी टोपी सारखी केली. "तूच म्हणत होता न दरसाल, ट्रे कमी हायेत, निम्मेच घ्या म्हणून. मले का माहीत नव्हतं काय, तुह्याकडं ट्रेचा ढीग पडलेला राह्यते ते? पण बरं वाटे बाप्पा."

इंद्रभान त्यांच्या ओठांकडे पाहत होता. अर्जुनरावांनी पिशवीतला पेरू घ्यायला मान वळवली आणि तसंच काहीतरी बोलले.

"काय म्हणले?" इंद्रभाननं विचारलं.

अर्जुनराव वळले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या कानाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. पेरू तसाच हातात राहिला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन साल."

"अन् सांगलं नाही कोनाले?"

"काय सांगू?"

"आम्ही इकडं तुले सगळं सांगून राह्यलो अन् तुले काही पोचूनच नाही राह्यलं!" अर्जुनराव म्हणाले. गावोगावच्या माणसांनी आपापल्या परीनं नाही सांगितलं होतं. कोणी खाकरून, कोणी लांबवून, कोणी तीनदा म्हणून. एकानंही फसवलं नव्हतं. सगळ्यांनी इंद्रभानच्या कानावर भरवसा ठेवून हो म्हटलं होतं.

बातमी दोन दिवसांत फिरली. लोक वाईट नव्हते, उलट जास्तच चांगले वागायला लागले. रोपवाटिकेत येऊन कानाजवळ तोंड नेऊन ओरडायचे, "इंद्रभानभाऊ! घेतो न पुढच्या साली! हो!" पत्रा थरथरायचा. ओरडून म्हटलेल्या होमध्ये काहीच राहत नाही. खरा असो, लाजेचा असो, सगळा एकच. आता कान असता तरी काही कळलं नसतं.

एकदा हरिओमचा फोन आला. "काका, पुढच्या वर्षी चालू ठेवाचं न?"

"हो, ठेवू न," इंद्रभान म्हणाला. "काऊन नाही?"

अपेक्षानं मान वर केली. एवढ्या महिन्यांत तिलाही थोडं ऐकू यायला लागलं होतं. तिकडे हरिओमच्या पडद्यावर मात्र ठिपका हिरवा झाला असणार.

खड्डा मांडवांच्या मागे होता. एकेचाळिसाव्या दिवशी दोघं नवरा-बायको ट्रे उपडे करायला लागले. ट्रे उचलायचा, खालून थापटायचा, रोपं मुळ्यांच्या गोळ्यासकट खड्ड्यात. कोकोपीटच्या भुशाची धूळ उडत होती म्हणून मंजुश्रीनं पदर नाकातोंडावरून घट्ट बांधला होता. तेवढ्यात नागसेनचा फोन आला. आईकडून त्याला सगळं कळलं होतं. इंद्रभाननं हात पुसले, फोन स्पीकरवर टाकून रिकाम्या ट्रेच्या थप्पीवर ठेवला.

"नागसेन, आता खरं सांग बाबू. हे माह्यानं होत नाही. फोन माह्यानं होत नाही. तू सांभाळशीन त ठेवतो, नाही त मांडव उतरून टाकतो. तू येत हाय का?"

थोडा वेळ काही आलं नाही. मग आलं, "हो बाबा. येतो न मी. मार्चमंधी येतो."

शब्द सगळे पोचले. हो, बाबा, येतो, न, मी, मार्च. एकेक वीट इंद्रभानसमोर येऊन पडली. फोन बंद झाला. त्यानं मंजुश्रीकडे पाहिलं.

"कसा म्हणला?"

ती ट्रे थापटत राहिली.

"अवं, मले शब्द आला. कसा म्हणला ते सांग. खरा होता न?"

तिनं ट्रे उपडा केला. रोपं खाली गेली. तिच्या डोळ्यांत धूळ गेली होती की काय, ती मनगटानं पुसत होती.

"हाव," ती म्हणाली.

इंद्रभान उभा राहिला. अठ्ठावीस वर्षं हा एक शब्द त्याला भिंतीपलीकडून, भांड्यांच्या आवाजातून, पाठमोऱ्या बाईकडूनही कळत आला होता. आता तिच्या तोंडावर पदर होता, आणि पदराआडून नुसता शब्द आला होता.

"हाव का?" तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि पुढचा ट्रे त्याच्या हातात दिला. त्यानं तो खालून थापटला.